गप झालेलं चाक

पाय ब्रेकवरच होता माझा. हे वाक्य मी दसऱ्यापासनं इतक्यांदा बोलले, इतक्या जणांपुढं बोलले, की शेवटी माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. आणि मी अशी बाई आहे की कुणी खोटी म्हणलं की अंगाची नुसती लाही लाही होते. आता मीच मला खोटी म्हणायला लागले तर राग काढायचा कुणावर, सांगा!

आधी गाडीचं सांगते. मी देवगाव रंगारीला बँकेत आहे आणि राहायला शहरात, गारखेड्याला. निम्मं आयुष्य एसटीच्या दांडीला लटकण्यात गेलं. सकाळी अंधारात डबा करायचा, संध्याकाळी फाट्यावर धूळ खात उभं राहायचं, आणि आलेली गाडी कंडक्टरनं हात हलवून तशीच पुढं न्यायची. चाळिशी उलटल्यावर एक दिवस डोकं फिरलं आणि मी ड्रायव्हिंग शिकले. बँकेतल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांची जुनी पांढरी गाडी घ्यायची म्हणलं. आमचे हे, बद्रीनाथराव, म्हणाले, "तुला दळणाचा डबा सरळ धरता येत नाय, तू स्टिअरिंग धरणार व्हय?" घरात एकच मत माझ्या बाजूनं पडलं, ते सासूबाईंचं.

सासूबाईंचं नाव आवडाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मामंजी लवकर गेले. मग ह्या बाईनं एकटीनं शेत केलं, बैलं जुंपली आणि कांद्याच्या गोण्या घेऊन स्वतः वैजापूरच्या बाजारात जायला लागल्या. माणसं थांबून थांबून बघायची म्हणे. त्या लेकाला म्हणाल्या, "मी कासरा धरला तवा तू गाडीत मागं बसून शेंगा खात व्हतास. घेऊ दे तिला." विषय संपला. गाडी दारात आली.

उजेडात घरी यायचं म्हणजे काय असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. आता यायला लागले. आत्याबाईंच्या बरोबर बसून चहा प्यायला लागले. सकाळी केस नीट वाळायला लागले माझे! ज्यानं कधी एसटी धरली नाय त्याला ह्यातलं काय कळायचं नाय. ती किल्ली पर्समधी वाजली की मला लई बरं वाटायचं.

मग गाडी ओरडायला लागली. ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातनं 'कुंईईई'. हळू दाबला तर लांबलचक, जोरात दाबला तर आखूड. मला वाटलं, कुणाला तरी विचारावं. तिथंच चुकलं, कारण मी सगळ्यांनाच विचारलं.

खालच्या मजल्यावरचे तात्यासाहेब, रिटायर माणूस. त्यांची आमची पार्किंगवरनं कायम धुसफूस, पण सल्ला द्यायचा म्हणलं की ते भांडण विसरतात. ते म्हणाले, "धूळ बसलीय आत. पाणी मारा चाकावर." मी बादली मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दुप्पट ओरडली. बँकेत कारभारी नावाचे कॅशियर आहेत, ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही ब्रेक लई कचकन मारता, हळू मारत जा." हळू मारला तर रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा दचकून उठलं. मोबाईलवर एका माणसानं आवाजाची सात कारणं सांगितली. सातवं ऐकेपर्यंत पहिलं विसरले. शेवटी उस्मानपुऱ्यातल्या सांडूभाईच्या गॅरेजला गेले.

सांडूभाईनं चाकाच्या जाळीतनं बॅटरी मारून बघितलं आणि हसला. "कुछ नहीं ताई. ब्रेक के पॅड में एक छोटी पत्ती रहती. पॅड घिस गया के वो पत्ती डिस्क कू, मतलब चाक के अंदर की तबकडी कू, लगती और चिल्लाती, के भई मेरेकू बदलो. अच्छी बात है. दसऱ्याचं गर्दीचं काम चाललंय, आता पॅड पण नाहीत माझ्याकडं. दिवाळी के आसपास आओ, तब तक आराम से चलाओ."

"म्हणजे ओरडतंय ते चांगलं का वाईट?" मी विचारलं.

"ओरडतंय तोपर्यंत चांगलं," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

आता ह्यातनं मी काय समजायचं? ब्रेक झिजलाय म्हणून गाडी ओरडती, आणि ओरडती म्हणून चांगली? आमच्या घरात कुणी ओरडलं तर कुणी चांगलं म्हणत नाय. मी तशीच चालवत राहिले. सोसायटीच्या गेटात वळले की कुंईईई, आणि तात्यासाहेब गॅलरीतनं, "आल्या वाटतं वहिनी! रडत रडत आल्या!" हे खो खो हसायचे. मला असली तिडीक यायची डोक्यात! आत्याबाई हसायच्या नाहीत. कठड्याला धरून खाली त्या चाकाकडं बघत उभ्या राहायच्या.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडी धुतली. झेंडूचा हार केला. पुरण शिजत होतं म्हणून वर पळाले, तर आत्याबाई म्हणाल्या, "तू जा, मी करते पूजा रीतीनं." गावाकडं अवजारांची पूजा त्याच करायच्या, म्हणून मी काय बोलले नाय. बऱ्याच वेळानं वर आल्या, समाधानी दिसत होत्या. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं कर्णपुऱ्याला देवीच्या दर्शनाला निघालो. मी चालवायला, शेजारी आत्याबाई, मागं हे.

गारखेड्यातनं बाहेर पडेपर्यंत गर्दीनं गाडी नुसती सरपटतच होती. ब्रेक दाबला तर आवाज नाय. मी म्हणलं, "अगंबाई, गप झाली की!" आत्याबाई गालातल्या गालात हसल्या. हे मागनं म्हणाले, "बघ, देवीला निघालो म्हणून शहाणी झाली." मलाही आनंद झाला. आवाज नाय म्हणजे बरं, असंच वाटणार ना माणसाला?

क्रांती चौकाचा पूल चढलो. उतरताना पुढं गाड्या थांबलेल्या दिसल्या. मी ब्रेक दाबला. गाडी थांबंना. आणखी दाबला, पार जीव खाऊन दाबला, तशी गाडी उजवीकडं ओढायला लागली. मी स्टिअरिंग डावीकडं धरलेलं, तरी ओढतीच. हे मागनं ओरडले, "अगं ब्रेक! ब्रेक दाब!" मी हँडब्रेक खेचला आणि गाडी दुभाजकाला जाऊन धडकली. बंपर फुटला. आत्याबाईंनी सावरायला उजवा हात पुढं टेकवलेला, तो मनगटातनं मोडला.

लोक जमले. एक जण म्हणाला, "ब्रेक समझके रेस दबा दिये." दुसरा म्हणाला, "लेडीजचं होतं असं." जळकट वास सुटलेला, तर तिसरा म्हणाला, "क्लच जाळला बाईंनी." ह्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला त्या सगळ्या बोलण्यापेक्षा लागलं. मी म्हणत राहिले, "पाय ब्रेकवरच होता माझा." कुणी ऐकंना.

हातावर प्लास्टर घालून झाल्यावर घरी येताना यांनी गाडी चालवली, सायकलच्या वेगानं. पार्किंगमधी थांबवली आणि म्हणाले, "लागतोय की ब्रेक!" आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "माझ्या आईचा हात मोडलाय, उमा. नशीब, हातावरच भागलं. आता पुरे तुझी हौस."

हौस! फाट्यावर धूळ खायची नाय म्हणून चालवते, आणि ह्यांना ती हौस वाटती! मी तोंड उघडलं, पण समोर आत्याबाई गळ्यात झोळी अडकवून बसलेल्या. काय बोलणार? त्या मलाच समजवायला लागल्या, "असू दे गं. बैलं बी उधळत्यात कधी कधी. सगळं रीतीनं केलं व्हतं, तरी असं कसं झालं, हेच कळंना मला."

मलाही तेच कळेना. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. रोज ओरडणारी गाडी नेमकी त्याच दिवशी गप कशी? मी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "ओरडली तरी तुझी तक्रार, नाय ओरडली तरी तुझी तक्रार." पुढं एका रविवारी त्यांनी कॉलनीतनं गाडीला एक चक्कर मारली, आणि मी गॅलरीत उभी असताना ऐकलं, कुंईईई. बारीक, पण तोच आवाज! मी धावत खाली गेले. हे म्हणाले, "ऐक. पहिल्यासारखीच आहे गाडी. तिला काय झालंय? तुझा पाय चुकला, दुसरं काय नाय."

झालं! गाडी ओरडत होती तेव्हा थांबत होती, गप झाली तेव्हा थांबली नाय, आणि आता परत ओरडत होती. मधला तो एक दिवस कुठनं आला? मी जितका विचार करायची तितकी जास्त घोटाळ्यात पडायची. परत एसटी सुरू झाली. सीटवर बसल्या बसल्या माझा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर दाबून बघायचा. हा ब्रेक. हा एक्सलेटर. मधला ब्रेक, उजवीकडचा एक्सलेटर. का उलटं? शेजारची बाई म्हणाली, "ताई, पायाला मुंग्या आल्या का?" स्वयंपाकघरात पाटावर बसले तरी पाय चालूच. एक दिवस कारभारींनी बँकेत सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, खरं सांगा, रेस दाबली ना?" आणि माझ्या तोंडून गेलं, "असंल. चुकला असंल पाय." बोलले आणि वॉशरूममधी जाऊन रडले. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईनं असं कबूल करावं! त्या दिवसापासनं मला रस्ता ओलांडतानासुद्धा भीती वाटायला लागली.

दिवाळी झाल्यावर हे म्हणाले, "एक गिऱ्हाईक आहे. बंपर नीट करून, ते पॅड बदलून गाडी देऊन टाकू." मी म्हणलं, "मी येणार गॅरेजला." "कशाला?" "माझी गाडी आहे म्हणून!" एवढं तरी ओरडता आलं मला.

सांडूभाईनं आधी उजवं चाक काढलं. पॅड बारीक झालेलं, पण कोरडं. मग डावं चाक काढलं आणि तो थांबला. पॅड हातात घेऊन उन्हात धरलं. काळंकुट्ट, चकाकणारं, वर चिकट थर. त्यानं बोट फिरवलं, बोट घसरलं.

"अरे बाप रे. इसमें तेल कौन डाला?"

"कसलं तेल?" हे म्हणाले.

"ब्रेकचं नाय हे, बाहेरून घातलंय कुणीतरी. जाळीतून थेट डिस्कवर. भाई, ब्रेक मतलब घिसना! पॅड डिस्क कू पकड के घिसता, तब गाडी रुकती. तेल पडलं की घसरतं, मग काय थांबणार? पत्ती भी फिसली, इसलिए चिल्लाई नहीं. अब थोडा तेल जल गया, तो फिर चिल्ला रही."

मी विचारलं, "आणि गाडी उजवीकडं ओढली ते?"

"तो क्या! उजव्यानं धरलं, डाव्यानं सोडलं. ओढणारच. आप नसीबवाले हो, ताई."

तिथं पडलेल्या एका टायरवर मी बसले आणि भर गॅरेजमधी ओरडले, "पाय ब्रेकवरच होता माझा! ऐकलं का? ब्रेकवरच होता!" मग रडायलाच आलं. यांचा चेहरा उतरला होता. जवळ आले, म्हणाले, "चुकलं माझं, उमा." लग्नापासनं पहिल्यांदा. ते ऐकायला मी इतके दिवस तडफडत होते, आणि ऐकलं, तर पुढच्याच घटकेला सांडूभाईनं पॅड नाकाशी नेलं.

"एरंडी," तो म्हणाला. "एरंडीचं तेल आहे हे."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. आमच्या घरात एरंडेलाची बाटली एकाच माणसाच्या ट्रंकेत असते. गावाकडं बैलगाडीच्या आखात एरंडेलाचंच वंगण घालायचे. चाक कुरकुरलं की काडीला चिंधी गुंडाळायची आणि वंगण द्यायचं. पूजेच्या दिवशी तर आधी वंगण, मग हळदकुंकू. 'एरंडी' आणि 'वंगण' हे दोन शब्द कानात एकदमच वाजले, आणि मला आत्याबाईंचं ते समाधानी तोंड आठवलं.

त्यांनीच केलं होतं. गाडी ओरडती, लोक सुनेला हसतात, म्हणून. आणि त्यांचाच हात मोडला.

ह्यांचं डोकं मात्र दुसरीकडं गेलेलं. "तात्यासाहेब!" ते म्हणाले. "पार्किंगचा राग काढला म्हाताऱ्यानं. आपल्या जिवावर उठला!" मी म्हणलं, "अहो, तसं नसंल." "मग कसं असंल?" सांगितलं तर आत्याबाईंना काय वाटेल? मोडलेला हात भरून येतो, पण आपण आपल्या हातानं लेकाला-सुनेला मरणाच्या दारात नेलं, हे त्या वयात कसं पेलायचं? आणि नाय सांगितलं तर तो बिचारा तात्यासाहेब, वाह्यात असला तरी, निष्पाप. एकावर दया केली की दुसऱ्याचा जीव जातोय! नवी पॅडं बसवून घरी येईपर्यंत हे बडबडत होते आणि मी पहिल्यांदा आयुष्यात बोलायला शब्द शोधत होते. ठरेना काहीच.

पार्किंगमधी गाडी थांबवली आणि किल्ली खिशात टाकून हे तावातावानं उतरले. तात्यासाहेब नेमके तिथंच खुर्ची टाकून ऊन खात होते.

"तेल ओतता व्हय चाकात? माणसं मारायची होती का?"

"कसलं तेल? काय बोलताय बद्रीनाथ?" म्हातारा खुर्चीवरनं उठून उभा राहिला.

"अहो, वर चला," मी यांची बाही ओढत होते. "वर चला म्हणते ना! सांगते मी वर."

"थांब तू! ज्यानं उमाच्या गाडीत एरंडेल ओतलं ना, त्याचा हात मोडला नाय तर नावाचा बद्रीनाथ नाय!"

जिन्यात आत्याबाई उभ्या होत्या. आरडाओरडा ऐकून खाली आलेल्या, गळ्यातल्या झोळीसकट. एरंडेल हा शब्द ऐकला आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नका म्हणून. पण त्यांनी मलाच विचारलं, अगदी बारीक आवाजात, "उमे, वंगणानं गाडी थांबत नाय व्हय गं?"

त्यांच्याशी खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. म्हणलं, "नाय थांबत, आत्याबाई. ती घासूनच थांबती."

त्या शेवटची पायरी उतरल्या. सगळी सोसायटी गॅलऱ्यांमधी आलेली. तात्यासाहेबांना म्हणाल्या, "दादा, तुमचं काय नाय ह्यात. तुम्ही अन् माझा लेक मिळून पोरीच्या गाडीला हसायचात. ती खाली मान घालून वर यायची. मला बघवंना. चाक रडतंय तर त्याला वंगण द्यावं, एवढंच ठावं मला. जाळीतनं चिंधीनं दिलं, आतल्या तबकडीला चांगलं चोपडलं. दसऱ्याचं."

बद्रीनाथराव दोन पावलं मागं सरले.

आत्याबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. प्लास्टरचा उजवा हात झोळीत होता. डावा त्यांनी पुढं केला.

"तो मोडलाय आधीच," त्या म्हणाल्या. "हा राहिलाय. मोड. पण त्याच्या आधी तिची किल्ली दे तिला."

यांनी खिशात हात घातला. किल्ली काढली आणि मान खाली घालून आईच्या त्या पुढं केलेल्या हातावर ठेवली. आत्याबाईंनी तो हात तसाच माझ्याकडं वळवला. मी किल्ली घेतली, आणि बराच वेळ त्यांचा हात सोडलाच नाय.